मांजरांच्या डोक्यांवरून चार तास

ग्रुप टूरचा खरा फायदा म्हणजे मागचा बाक. चाळीस माणसांत तुम्ही शेवटून तिसरे असलात, की गाइड तिकडे सम्राट चौथा चार्ल्स सांगत असताना तुम्ही इकडे दुकानाच्या काचेतले फ्रिज-मॅग्नेट खुशाल मोजू शकता. प्रायव्हेट टूरमध्ये ही सोय नाही. दोन माणसं, फार तर एक कुटुंब, आणि समोर हातभर अंतरावर गाइड. तो बोलताना थेट डोळ्यांत बघतो. तुम्ही मान डोलावलीत तर खूश होऊन आणखी सांगतो. नाही डोलावलीत तर समजलं नसावं म्हणून पुन्हा सांगतो. चेक राजधानी प्रागमधली चार तासांची प्रायव्हेट वॉकिंग टूर म्हणजे आपणच पैसे भरून आपणच दिलेली व्हायवा. एक्स्टर्नल तुमच्यावरून नजर काढत नाही, कारण वर्गात दुसरं कोणी नसतंच.

त्यातला पहिला प्रश्न म्हणजे परीक्षा केंद्र शोधणं. प्रागकर एकमेकांना वेन्सेस्लास चौकात, संत वेन्सेस्लासच्या पुतळ्यातल्या घोड्याच्या शेपटीखाली भेटतात. ‘पोद ओत्सासेम’ म्हणजे अक्षरशः शेपटीखाली. गाइडने मेसेजमध्ये असं लिहिलं तर तो चावट नाही, पुणेकर जसा ‘मंडईत टिळकांच्या पुतळ्याशी’ म्हणतो तसा तो म्हणतोय. अडचण अशी की हा चौक चौकोनी नाही. पूर्वी इथे घोडेबाजार भरायचा आणि त्याची लांबी साडेसातशे मीटर आहे. मुस्टेक स्टेशनच्या टोकाला उतरलात तर शेपटीपर्यंत दहा मिनिटांची चढण. घोड्याचं तोंड उताराकडे आणि शेपटी नॅशनल म्युझियमकडे, एवढं पाठ करून ठेवावं.

गाइडने शेपटीऐवजी घराचा पत्ता दिला तर प्रकरण आणखी अवघड. प्रागमधल्या बहुतेक घरांना दोन नंबर असतात, एक लाल पाटीवर आणि एक निळ्या. लाल म्हणजे त्या भागातला नोंदणी क्रमांक. तो घरं ज्या क्रमाने नोंदली गेली त्या क्रमाने पडलेला, त्यामुळे लाल ५८० च्या शेजारी ५८१ असेलच अशी हमी नाही. निळा म्हणजे रस्त्यावरचा ओळीने येणारा नंबर. पत्त्यात दोन्ही तिरपी रेघ मारून लिहितात, आधी लाल, मग निळा. आपण निळ्यावर चालायचं. लाल आकडा धरून गल्ली शोधायला निघालेला माणूस व्ल्तावा नदीत पोहोचला तरी त्याचं घर यायचं नाही.

केंद्र सापडलं की गाइड दिसतो. गळ्यात ओळखपत्र, पायात दणकट बूट, कानाला फोन आणि तोंडात ‘नो, नो, नो.’ घाबरू नये, टूर रद्द झालेली नाही. चेक भाषेत होकाराला ‘आनो’ म्हणतात आणि बोलताना त्यातला ‘आ’ गळतो. म्हणजे तो तिकडे ‘हो, हो, हो’ म्हणतोय. ही एक गोष्ट आधी माहीत नसेल तर पुढचा अर्धा तास धाकधूक होत राहते.

आता पायांचं. जुन्या प्रागच्या रस्त्यांवर गोलसर दगड बसवलेले असतात. त्यांना चेक लोक ‘कोचिची ह्लावी’ म्हणतात, म्हणजे मांजरांची डोकी. नाव इतकं नेमकं आहे की पहिल्या दहा मिनिटांत पटतं. पाय कधीच सपाट टेकत नाही. टाच एका मांजरावर, चवडा दुसऱ्या मांजरावर आणि घोटा दोघांच्या भांडणात. फुटपाथवर वेगळा प्रकार. तिथे काळ्या, पांढऱ्या, गुलाबी रंगाचे लहान दगडी चौकोन रांगोळीसारखे मांडलेले असतात. दिसायला फार देखणे, पण पाऊस पडला की साबणाच्या वड्या. म्हणून रबरी, जाड तळव्याचे, आणि महत्त्वाचं म्हणजे जुने बूट घालावेत. ट्रिपसाठी खास घेतलेले कोरे बूट पहिल्यांदा इथेच घातलेल्या माणसाला दुसऱ्या तासाला इतिहासात रस उरत नाही. हील्सबद्दल मी बोलतच नाही, दगडांमधल्या फटी बोलतात.

मुख्य पेपर ऑर्लॉयसमोर. हे १४१० सालचं खगोलीय घड्याळ जुन्या टाउन हॉलच्या भिंतीवर आहे. सकाळी ९ पासून रात्री ११ पर्यंत दर तासाला खेळ होतो. लोक पाऊण तास आधी जागा धरतात आणि खेळ मिनिटभरात आटोपतो. सांगाडा दोरी ओढतो, वरच्या दोन खिडक्या उघडतात, येशूचे बारा प्रेषित एकेक करून दर्शन देऊन जातात, शेवटी सोन्याचा कोंबडा आरवतो. हा कोंबडा भात्याच्या हवेवर आरवतो, त्यामुळे आवाज आपल्या गावच्या कोंबड्यापेक्षा पिपाणीच्या जास्त जवळचा. त्या मिनिटात शे-दोनशे माना वर आणि तेवढेच खिसे मोकळे असतात. पाकीटमार प्रेषितांकडे बघत नाहीत. पर्स पुढे घ्यावी, फोन उंच धरून व्हिडिओ काढणाऱ्याने दुसरा हात पाकिटावर ठेवावा.

खेळ संपला की गर्दी पांगते, पण प्रायव्हेट गाइड तुम्हाला सोडत नाही. तो तबकडी समजावतो. रोमन आकडे म्हणजे नेहमीचे तास. बाहेरच्या काळ्या कड्यावरचे वळणदार आकडे म्हणजे जुनी चेक वेळ. तिच्यात दिवस सूर्यास्ताला संपतो आणि तिथे २४ वाजतात. सूर्यास्त रोज सरकतो, म्हणून तो कडाही सरकतो. आपला पंचांगातला दिवस सूर्योदयाला सुरू होतो, हे इथे हळूच सांगून टाकावं. गाइडला तुमच्याबद्दल एकदम आदर वाटू लागतो आणि पुढचे दोन प्रश्न तो सोपे विचारतो. बाजूच्या चार मूर्तींपैकी आरशात बघणारा कोण, थैलीवाला कोण, असं विचारलं तर गर्विष्ठ आणि कंजूष, अशी उत्तरं द्यायची. घड्याळ घडवणाऱ्या हानुश नावाच्या कारागिराचे डोळे काढले, अशी एक गोष्ट तो रंगवून सांगेल आणि लगेच म्हणेल की हे खोटं आहे, घड्याळ कादानच्या मिकुलाशने केलं. आपल्याला हा प्रकार नवा नाही. ताजमहालाच्या कारागिरांचे हात आपणही पिढ्यान्‌पिढ्या तोडत आलोय.

सनावळ्या हा खरा गळफास. गाइड चार तासांत निदान तीस साल फेकतो आणि मध्येच विचारतो, ‘आठवतंय ना?’ यावर मराठी माणसाकडे हुकमी कॉपी आहे. प्रत्येक साल आपल्या इतिहासाच्या खुंटीला टांगायचं. चार्ल्स पुलाची पायाभरणी १३५७, म्हणजे बहमनी राज्य दहा वर्षांचं पोर. टाउन हॉलसमोर २७ बंडखोर पुढाऱ्यांना मारलं ते १६२१, म्हणजे शिवरायांच्या जन्माआधी नऊ वर्षं. त्यांचे २७ पांढरे क्रूस जमिनीतच आहेत, पाय देऊ नये. पुलावरचा सगळ्यात जुना पुतळा, संत नेपोमुकचा, १६८३, म्हणजे संभाजीराजांचा काळ. घरांना नंबर लागले १७७० ला, पानिपतानंतर नऊ वर्षांनी. गाइडला वाटतं, काय स्मरणशक्ती!

मधल्या सुट्टीत खायचं काय? चौकाभोवती जागोजागी निखाऱ्यांवर फिरणारं, साखर लावलेलं, नळकांड्यासारखं ट्रडेलनिक दिसतं. पाटी म्हणते, ‘जुनी पारंपरिक चेक मिठाई.’ ही पाटी गाइडसमोर मोठ्याने वाचू नये. ती पर्यटकांसाठी बोकाळलेली गोष्ट आहे आणि प्रागकर गाइड त्यावर वीस मिनिटं बोलू शकतो. शाकाहारी मंडळींनी दोन शब्द शिकून जावेत : ‘बेझ मासा.’ अर्थ मांसाशिवाय. चेक ‘मासो’ आणि आपलं ‘मांस’ एकाच घरचे. पण आपल्या कानाला ते ‘बेस मासा’ ऐकू येतं आणि काकू घाबरून म्हणतात, ‘अहो, मासा नकोय म्हणावं, त्याला नीट सांगा!’ मासा नकोच आहे, पण हा शब्द माशासाठी नाही, त्याला वेगळा शब्द आहे, ‘रिबा’. बटाट्याच्या सुपातही बेकन असू शकतं, ते वेगळं विचारावं. तळलेलं चीज, ‘स्माझेनी सीर’, बटाट्यांबरोबर मिळतं आणि त्यावर निर्धास्त दिवस काढता येतो. पाणी फुकट येईल या समजुतीत राहू नये. टॉयलेटसाठी कोरुनांची, म्हणजे चेक चलनाची, नाणी वेगळ्या खिशात ठेवावीत, कारण ती गरज लागते तेव्हा खिसे चाचपायला वेळ नसतो.

पैसे बदलायचे तर ‘कमिशन शून्य’ अशी पाटी बघून हुरळू नये. कमिशन शून्य असतं, भाव भयंकर असतो. फसलात तर धावत परत जा. २०१९ पासून कायदा असा आहे की हजार युरोंपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करता येतो. पावती मात्र हवी. टूरवर असताना हे लक्षात आलं तर गाइडला बेधडक सांगावं. इतिहास थांबतो आणि त्याच्या अंगात येतं.

शनिवार टाळावा. त्या दिवशी ज्यू वस्तीतली सिनेगॉग आणि जुनी दफनभूमी बंद असते. बंद दारासमोर गाइड मान हलवून म्हणतो, ‘श्कोदा.’ आपण म्हणतो, हो हो, स्कोडा आमच्याकडे पण आहे, संभाजीनगरला शेंद्र्यात कारखाना आहे! तो बुचकळ्यात पडतो. ‘श्कोदा’ म्हणजे ‘अरेरे’, आणि नुकसानही. मोटारीला हे नाव एमिल श्कोदा या उद्योजकाच्या आडनावावरून पडलंय, गुणांवरून नाही.

चार्ल्स पुलावर मात्र मराठी माणसाला घरी आल्यासारखं वाटतं, कारण इथे मुहूर्त आहे. सांगतात ते असं : १३५७, नववी तारीख, सातवा महिना, पहाटे ५ वाजून ३१ मिनिटं. ओळीने लिहा, १-३-५-७-९-७-५-३-१. चढते आणि उतरते विषम आकडे. पायाभरणीला नारळ तेवढा फुटायचा राहिला. याच पुलाच्या चुन्यात अंडी घातली होती, अशी दंतकथा आहे. गावोगावहून अंडी मागवली, तर वेल्वारी गावाने वाटेत फुटू नयेत म्हणून उकडून पाठवली. गाइड इथे हसायला थांबतो. गटात चातुर्मास पाळणाऱ्या आजी असतील तर त्या थांबतात, पुलाकडे बघतात आणि विचारतात, ‘दुसरीकडून रस्ता नाही का?’ आहे, पण लांबचा. ५१६ मीटरच्या पुलावर तीस पुतळे आहेत आणि त्यातले बरेच नकला आहेत, हे ऐकून मन हलकं होतं. नेपोमुकच्या चौथऱ्यावरच्या दोन पाट्या हात लावून लावून सोन्यासारख्या चकाकतात. एकावर त्याला १३९३ मध्ये नदीत फेकतानाचं दृश्य, दुसऱ्यावर कुत्रा. पुण्य हवं तर फेकलेल्या संताला हात लावावा. कुत्र्याला पर्यटकांनी उगाच घासलंय.

पुलापलीकडे नेरुदोवा रस्ता चढायला लागतो आणि इथे पायांचा निकाल लागतो. घरांवर चिन्हं आहेत, तीन व्हायोलिन, दोन सूर्य. नंबर नव्हते तेव्हा पत्ता असाच सांगायचे. गाइड प्रत्येक चिन्हापाशी थांबतो तो तुमच्यासाठी, दम खायला. एरवी ज्याच्यावर वैतागलो त्या लाल-निळ्या पाटीला हात टेकून उभं राहता येतं. हा राज्याभिषेकाच्या मिरवणुकीचा मार्ग आहे असं तो अभिमानाने सांगतो. राजा घोड्यावर होता, हे सांगत नाही. शहाण्याने बुकिंग करतानाच म्हणावं : उलटं चालू या. २२ नंबरच्या ट्रामने पोहोर्झेलेत्सला उतरायचं, आधी किल्ला आणि मग उतारावरून खाली पुलाकडे. त्याच दगडांवरून, त्याच पैशात, गुडघे निम्म्या रागात. २२ नंबरमध्येही पाकीट सांभाळावं, आणि कागदी तिकीट घेतलं असेल तर ते यंत्रात एकदा, एकदाच, छापून घ्यावं.

किल्ल्यात सेंट व्हायटस कॅथेड्रल. काम सुरू १३४४, पूर्ण १९२९. मुंबई-गोवा महामार्गाला अजून भरपूर मुदत आहे. रविवारी सकाळी प्रार्थना असते, दुपारपर्यंत आत सोडत नाहीत. मग ती प्रसिद्ध खिडकी, जिच्यातून १६१८ मध्ये दोन अधिकारी आणि एक चिटणीस खाली फेकले आणि तीस वर्षांचं युद्ध पेटलं. एकवीस मीटर पडून तिघेही वाचले. कॅथलिक म्हणाले देवदूतांनी झेललं, प्रोटेस्टंट म्हणाले शेणाच्या ढिगाने. त्या चिटणीसाला पुढे ‘उंच पडणीकर’ अशा अर्थाची पदवी मिळाली. चार तास चाललेला माणूस त्या खिडकीकडे बघतो ते इतिहासाच्या कुतूहलाने नव्हे, खाली जायचा तो सगळ्यात जवळचा रस्ता दिसतो म्हणून.

टिप साधारण दहा टक्के, कोरुनांत, नोटा आधीच वेगळ्या काढलेल्या. गाइड विचारतो, ‘काही प्रश्न?’ नाही म्हणावं. एक विचारलात तर अर्धा तास गेला.

जुन्या पायऱ्यांवरून माला स्त्रानाच्या मेट्रोत उतरायचं. लांबलचक सरकता जिना, गाडी, आणि अखेर बूड टेकायला सीट. स्पीकरवर आवाज येतो : ‘उकोन्चेते, प्रोसीम, वीस्तुप आ नास्तुप, द्वेर्झे से झावीरायी.’ अख्ख्या दिवसात पहिल्यांदाच एक चेक शब्द कोणी न समजावता कळतो. द्वेर्झे, दार. दार बंद होतंय. शेजारचा प्रवासी फोनमध्ये बघत असतो, आणि पैकीच्या पैकी मार्क मिळाल्याचं सांगावं असं डब्यात कोणीच नसतं.