ओली सोलापुरी चादर आणि रेसिंगचा सूट

परवा रात्री ताईकडे गेलो तर न्हाणीघरातल्या बादलीत भाच्याचे दोन सुती शर्ट भिजत पडले होते आणि पाण्यात तुरटीचा हा एवढा खडा. मला वाटलं, रंग बसावा म्हणून असेल. मी डाय हाऊसमध्ये काम करतो, तुरटी आम्हाला काही नवी नाही. तर ताई म्हणाली, "रंगाचं नाही रे, आग लागू नये म्हणून," आणि फोन माझ्या हातात दिला.

भाचा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याच्या कॉलेजच्या पोरांनी एक छोटी रेसिंग गाडी बनवली आहे, चालवणार हाच, आणि स्पर्धा पंधरा दिवसांवर आली आहे. हे त्याच्या आईला ठाऊक, त्यामुळे तिच्यापर्यंत हा फॉरवर्ड पोचायलाच हवा होता. "विदेशी कंपन्यांची लूट थांबवा!" अशी सुरुवात. पुढे थोडक्यात असं: रेसिंगचा सूट कधीच जळत नाही आणि हजारो रुपये त्याचेच घेतात, पण तेच काम आपलं सुती कापड करतं. कपडे तुरटीच्या पाण्यात बुडवा, ओलेच घाला, वरून ओली सोलापुरी चादर गुंडाळा. आत काहीही घातलं तरी चालतं. आग लागली तर बेल्ट सोडू नका, मदत येईपर्यंत शांत बसा. आणि गाडीत आग विझवायचं सिलिंडर ठेवण्यापेक्षा बाजूला पाण्याची बादली ठेवा. शेवटी तिरंगा आणि "खरा सोलापूरकर असाल तर दहा ग्रुपवर पाठवा". ताईने तीन ग्रुपवर पाठवलाही होता.

सोलापूरचं नाव घातलं की आमच्याकडे शेंगा चटणीपासून काहीही खपतं. पण हे खपलं तर पोरगं जाईल, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"सूट जळत नाही. ग्रोजाँ अर्धा मिनिट आगीत बसला, त्याला काही झालं नाही." यात निम्मं खरं आहे, म्हणूनच ते जास्त घातक. २९ नोव्हेंबर २०२० ला बहारीनच्या फॉर्म्युला वन शर्यतीत पहिल्याच फेरीत ड्रायव्हर रोमाँ ग्रोजाँची गाडी ताशी १९२ किलोमीटरने लोखंडी कठड्यात घुसली, तिचे दोन तुकडे झाले आणि पेट घेतला. तो २७ सेकंदांनी स्वतःच्या पायांनी बाहेर आला. हे एफआयएच्या, म्हणजे मोटर स्पोर्टच्या जागतिक संघटनेच्या, चौकशी अहवालात आहे. पण "काही झालं नाही" हे साफ खोटं. त्याच्या दोन्ही हातांच्या मागच्या बाजू भाजल्या होत्या.

आणि सूट जळतच नाही असं सूट बनवणारेही म्हणत नाहीत. एफआयएचं या कपड्यांसाठीचं मानक आहे ८८५६-२०१८. त्यात कापडाला ज्वाळा लावतात आणि आतल्या बाजूचं तापमान २४ अंशांनी वाढायला किती वेळ लागतो ते मोजतात. वरच्या सूटला तो वेळ किमान १२ सेकंद हवा. बारा! त्याच्या आत अग्निरोधक अंतर्वस्त्रं, मोजे, डोक्याला बालाक्लाव्हा, म्हणजे डोळे सोडून सगळं झाकणारी टोपी, आणि या थरांमध्ये अडकलेली हवा, असं सगळं मिळून आणखी थोडा वेळ मिळतो. सूटचे पैसे जातात ते या सेकंदांसाठी. रेसिंगच्या सुरक्षा साहित्याची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकेतल्या एसएफआय संस्थेच्या लेबलवर तर हिशेब उघडच असतो: सगळ्यात साध्या सूटला दुसऱ्या दर्जाच्या भाजण्यापर्यंत (म्हणजे फोड येईपर्यंत) ३ सेकंद, पाच नंबरच्या सूटला १० सेकंद, वीस नंबरला ४०.

आता ती ओली चादर. बाकीचे मुद्दे नुसते मूर्खपणाचे आहेत, हा जीव घेणारा आहे.

ताईला मी गॅसपाशी नेलं. घरात सुताच्या लडी असतातच. सुती धागा ज्वाळेत धरला. सूत ओळखायची आमची पद्धतच ही आहे: सुताला कागद जळाल्यासारखा वास येतो, राख मऊ पडते, पॉलिएस्टर वितळतं आणि टोकाला काळा टणक मणी होतो. सुती धागा भुर्रकन जळाला. अक्कलकोट रोड एमआयडीसीत मे २०२५ मध्ये टॉवेल कारखान्याला आग लागली, ८ माणसं गेली. सुती माल कसा पेटतो हे या गावाला कुणी फॉरवर्ड करून सांगायची गरज नाही.

"पण ओलं केलं तर नाही ना पेटत?" ताईचा प्रश्न. नाही पेटत, लगेच तरी नाही. म्हणून तिला तापलेला तवा ओल्या फडक्याने उचलायला सांगितलं. ती हसली. आयुष्यभर कडक भाकरी केलेली बाई, तिला कळलं. कोरड्या फडक्याने तवा उचलता येतो, ओल्याने धरला की चटका थेट हाताला. हवेपेक्षा पाणी उष्णता वीसपटीहून जास्त वेगाने पुढे सरकवतं. सूटचे थर ज्या अडकलेल्या हवेच्या जोरावर वाचवतात, तिची जागाच पाणी घेतं. वर ज्वाळा लागल्या की त्या पाण्याची वाफ होते, आणि घट्ट गुंडाळलेल्या चादरीतून ती जाणार कुठे? कातडीवर. वाफ पाणी होताना जी उष्णता सोडते ती इडलीच्या भांड्याचं झाकण काढताना ज्याने अनुभवली आहे त्याला वेगळं सांगायला नको. पेट्रोलच्या आगीत वाफेचा अंगरखा घालून बसा, असा हा सल्ला आहे. शिवाय अंगाभोवती चादर गुंडाळलेला माणूस त्या अरुंद कॉकपिटमधून निघणार कसा, हा विचार लिहिणाऱ्याच्या मनातही आला नसावा.

तुरटीबद्दल मात्र थोडं मान्य करावं लागेल, नाइलाजाने. सुती कापडाला रसायनं देऊन ते पेट घेणार नाही असं करता येतं. वेल्डिंगवाल्यांचे कपडे तसे असतात, आणि तीन सेकंदांचे जे स्वस्त रेसिंग सूट मिळतात त्यातले बरेचसे अशाच सुती कापडाचे. पण ती प्रक्रिया कारखान्यात होते, रसायन धाग्यात मुरवलेलं असतं. बादलीतली तुरटी घामाने आणि एका धुण्यात निघून जाते. आणि हा शोधही काही नवा नाही. १९६० च्या आसपास अमेरिकेतले ड्रायव्हर सुती कपडे टाकणखारासारख्या रसायनांत बुडवून घालत. त्या कपड्यांचा श्वासाला त्रास होई. १९६४ च्या मे महिन्यात शार्लटच्या शर्यतीत फायरबॉल रॉबर्ट्स हा ड्रायव्हर भाजला आणि जुलैत गेला. दम्यामुळे तो तसले कपडे टाळायचा असं सांगतात. त्याच दशकात ड्यूपाँट कंपनीचं नोमेक्स हे अग्निरोधक कापड आलं. ते वितळत नाही, ज्वाळेत काळं पडून फुगतं आणि जाड होतं. बादलीचा मार्ग तिथल्या लोकांनी सोडला त्याला साठ वर्षं झाली. इथे तो स्वदेशी म्हणून परत आलाय.

"आत काहीही घाला." घालू नका. जिमचे पॉलिएस्टरचे टी-शर्ट साधारण २६० अंशांना वितळतात आणि कातडीला चिकटतात. तो काळा मणी आठवा.

हेल्मेट आणि बालाक्लाव्हा म्हणजे "नुसती स्टाइल", असंही मध्येच एक वाक्य आहे. १ ऑगस्ट १९७६, जर्मनीतला न्यूरबर्गरिंग ट्रॅक, फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर निकी लाउडा. अपघातात त्याचं हेल्मेट निघालं, डोकं आणि चेहरा भाजला, आणि गरम विषारी धूर आत गेल्याने फुप्फुसंही. बस, यावर जास्त लिहीत नाही.

"बेल्ट सोडू नका, शांत बसा." हे ज्याने लिहिलं त्याला समोर बसवून विचारावंसं वाटतं की बारा सेकंद शांत बसून नंतर काय करायचं? फॉर्म्युला वनचा नियम आहे की ड्रायव्हरला ७ सेकंदांत गाडीबाहेर येता आलं पाहिजे. विद्यार्थ्यांच्या फॉर्म्युला स्पर्धांमध्ये तर ५. ग्रोजाँचा डावा पाय अडकला होता; त्याने बूट तिथेच ठेवून पाय ओढून काढला. वैद्यकीय गाडी पहिल्या फेरीत मागेच असते, त्यामुळे डॉक्टर लगेच पोचले, तरी गाडीतून निघायचं काम त्याचं त्यालाच करावं लागलं. आमच्या पोरांच्या स्पर्धेत तेवढा ताफा नसतो. भाच्याने पहिल्यांदा घड्याळ लावून उतरून पाहिलं तेव्हा ९ सेकंद लागले. बेल्टचं बक्कल हातमोज्यांसकट डोळे मिटून सोडायची सवय करतोय आता. सूटच्या खांद्यांवर ज्या पट्ट्या असतात त्याही शोभेच्या नाहीत. ड्रायव्हर बेशुद्ध असेल तर त्या धरून ओढून काढायचं असतं.

राहिली बादली. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं. पाणी ओता, ते वर तरंगत जळत राहील आणि पाण्याबरोबर पसरेल. तुम्ही म्हणाल, अमेरिकेत शर्यतीच्या पिटमध्ये, म्हणजे गाडी थांबवून इंधन भरतात तिथे, पाणी ठेवायचेच की. ठेवायचे, कारण तिथल्या गाड्यांत पेट्रोलऐवजी मिथेनॉल असायचं, ते पाण्यात मिसळतं. त्याची ज्वाळा उजेडात दिसतसुद्धा नाही. १९८१ साली इंडियानापोलिसच्या शर्यतीत रिक मिअर्स हा ड्रायव्हर पेटला होता आणि लोकांना आधी कळेना की हा असा का नाचतोय. भाच्याच्या गाडीत पेट्रोल आहे. तिला सिलिंडर हवं, आणि मेन स्विच बाहेरून बंद करता यायला हवा. मोठ्या गाड्यांवर त्याची खूण ठरलेली असते: निळ्या त्रिकोणात लाल वीज, आणि आग विझवायच्या खटक्यावर लाल ई.

सूट महाग असतो, हे फॉरवर्डवाल्याचं म्हणणं मला मान्य. पोरांनी एकच घेतलाय, वर्गणी काढून, पाच नंबरचा. तपासणीच्या टेबलावर आधी त्याचं लेबल बघतात. तिथे तुरटीचा शर्ट नेला असता तर गाडी ट्रॅकवरही आली नसती.

भाच्याला विचारलं, तू हे घालणार होतास का बे? "मामा, घालणार नव्हतोच," म्हणाला, "पण आईला नाही कोण म्हणणार?" ते मीच म्हटलं. ताईने तिन्ही ग्रुपवरचा मेसेज काढायचा प्रयत्न केला, दोन ठिकाणी मुदत उलटून गेली होती. तिथे आता हे टाकतोय. शर्ट तिने पिळून वाळत घातलेत.