कैची, पत्रा आणि 'दोन हजारांचा कागद'

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया झोंबली, पण त्यात तथ्य आहे. म्हणून दोन ओळींत न उरकता सविस्तर लिहितोय. बाकीच्या वाचकांसाठी: छपराच्या कैच्यांवरच्या (ट्रस, म्हणजे छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे) माझ्या लेखाखाली रायगडातले हे फॅब्रिकेटर दादा म्हणतात, "25 वर्षं शेड मारतोय, एकही कैची कोसळली नाही. तुमचे कोड पुस्तकात. इंजिनियर साइटवर न येता सही ठोकतो, तो दोन हजारांचा कागद. आणि हल्ली लोक कौलं काढून पत्रा टाकतात. वजन कमीच होतं, त्यात कसलं आलंय डिझाइन?"

आधी कागदाचं. इथे चूक माझी. नगरपालिका कैचीचं डिझाइन तपासते असं मी बेधडक लिहून गेलो. मंजुरीच्या नकाशात कैची म्हणजे सेक्शनमधल्या दोन तिरप्या रेघा. नॅशनल बिल्डिंग कोड 2016 ही मुळात शिफारस. राज्याची 2020 ची युडीसीपीआर, म्हणजे बांधकामाची एकत्रित नियमावली, स्ट्रक्चरसाठी त्याच्याकडे बोट दाखवते, म्हणून तो लागू होतो, आणि तो पाळल्याची जबाबदारी स्ट्रक्चरल इंजिनियर सही करून स्वतःवर घेतो. अँगल कुठला, वेल्ड किती लांब, हे खिडकीवर बसून कोणी मोजताना मी तरी पाहिलेलं नाही. तेव्हा साइट न बघता केलेली सही दोन हजारांचीच, कबूल.

पण कौलं-पत्र्याचं म्हणणं मला मान्य नाही.

मंगलोरी कौलं आणि रीपा मिळून चौरस मीटरला साठेक किलो वजन. शिवाय कौलांच्या फटींतून वारा श्वास घेतो. पत्रा जेमतेम पाच किलो, आणि सलग. आता इमारतींवरच्या भारांचं भारतीय मानक, आयएस 875, त्याचा तिसरा भाग, म्हणजे वाऱ्याचा, काढा. त्याच्या 2015 च्या आवृत्तीत मूळ वेग पुण्याला सेकंदाला 39 मीटर आणि मुंबईला 44, म्हणजे ताशी 158 किलोमीटर. वेगाचा वर्ग करून 0.6 ने गुणायचं, की दाब न्यूटनमध्ये मिळतो; किलोसाठी त्याला 9.81 ने भागायचं. पुण्याचा आकडा घेतला तरी दाब चौरस मीटरला 93 किलोच्या आसपास येतो. समजा, यातला निम्माच छपराला वर ओढतो. (उघड्या शेडला खालूनही वारा लागतो, तिथे निम्मं म्हणणं भाबडेपणाच आहे.) पत्रा, परलिन (पत्रा ज्यांवर बसतो ते आडवे बार), कैची सगळं धरून वजन चौरस मीटरला 15 किलो. 20 बाय 30 फुटांच्या शेडवर दीड टनाहून जास्त ओढ उरते, तीही वरच्या दिशेने. आयएस 800 मध्ये, म्हणजे पोलादी बांधकामाच्या मानकात, म्हणूनच एक हिशेब असा करायला लावतात की वजन 0.9 पटच धरा आणि वारा दीडपट. जे वजन एरवी भार असतं, ते इथे आपल्या बाजूने उभं असतं. तुम्ही कौलं उतरवता तेव्हा नेमकं तेच उतरवता.

आणखी एक. कैचीचा खालचा टाय, म्हणजे तळाची आडवी दांडी, एरवी ताणात असतो, म्हणून आपण तो बारीक ठेवतो. छप्पर वर उचललं जायला लागलं की त्याच टायवर दाब येतो. कायम ताणातल्या मेंबरला लांबी-जाडीचं प्रमाण 400 पर्यंत चालतं. फक्त वाऱ्यामुळे दाब येणाऱ्याला आयएस 800 ने 250 वर अडवलंय. बारीक अँगल तिथे बाकतो.

'एकही कोसळली नाही' हे मला पूर्ण पटतं. तुमच्या हाताला वजनाचा अंदाज आहे. पण पत्र्याची शेड वाऱ्यात पडत नाही, उडते. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ येऊन गेल्यावर मी श्रीवर्धनकडे एका वाडीत गेलो होतो. माडांच्या बुंध्यांशी एक अख्खी कैची पालथी पडलेली, वेल्ड एकही तुटलेला नाही, निम्मे पत्रे जे-हुकांसकट तिलाच चिकटलेले. बेस प्लेटच्या भोकांतून चार बोल्ट लोंबत होते आणि त्यांच्या टोकांना मुठीएवढे सिमेंटचे गोळे. जांभ्याच्या भिंतीत वरच्या एकाच थरात तीन इंच खोल बसवले होते ते. कारागिराचं काम खरंच सुबक होतं, आणि ते पाहूनच जास्त वाईट वाटलं.

कोडचीही एक उणीव सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा कोडची आरतीच ओवाळतोय. 2015 च्या आवृत्तीत चक्रीवादळासाठी जादा गुणक आहे, तो पूर्व किनारा आणि गुजरातच्या 60 किलोमीटर पट्ट्यासाठी. कोकण त्यात नाही. मी लेखात सरसकट 'किनारपट्टी' लिहिलं होतं, ते आज दुरुस्त केलं.

आता तुमचं चालू काम. कौलं उतरवली आहेत, पत्रा अजून चढायचाय, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. तर कैचीची लांबी, दोन कैच्यांमधलं अंतर आणि भिंतीच्या माथ्याला आरसीसी पट्टा आहे की नुसता जांभा, एवढं कळवा. बोल्ट ज्या भोकात जाणार त्याचा एक फोटोही टाका. पैसे नकोत, पण त्याआधी पत्रा चढवू नका.