अब्जावधी मासे आणि आठ जीबी रॅम

मला कसला नाद लागलाय ते ऐकून लोक आधी हसतात आणि मग बायकोकडं दयेनं बघतात. दारू नाही, मटका नाही, रमी नाही. कोडी सोडवतो मी, ऑनलाइन. आणि ती पण नुसत्या डोक्यानं नाहीत सुटत, एक छोटा प्रोग्राम लिहायचा, तो पळवायचा आणि जो आकडा बाहेर पडेल तो चौकटीत टाकायचा. बरोबर आला की स्क्रीनवर एक सोनेरी स्टार. तो स्टार घेऊन महाद्वार रोडला जावा, पाव किलो भडंगपण कोण देणार नाही.

सुरुवात प्रोजेक्ट ऑयलर नावाच्या गणिती कोड्यांच्या वेबसाइटपासून झाली, भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे त्यानं लावून दिलं. पहिलंच कोडं अगदी गरीब, १००० च्या आतले ३ नं किंवा ५ नं भाग जाणारे सगळे आकडे घ्या आणि बेरीज करा. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत एका ओळीचं काम. २,३३,१६८ आले, बरोबर निघाले आणि मला वाटलं, नाद खुळा, आपण काय साधं प्रकरण नाही!

मग भाच्यानं अ‍ॅडव्हेंट ऑफ कोड दाखवलं. एरिक वास्टल नावाच्या अमेरिकन प्रोग्रामरनं २०१५ ला सुरू केलेलं, ख्रिसमसच्या निमित्तानं डिसेंबरात रोज एक कोडं, कोड्याचे दोन भाग, पहिला सुटला की मगच दुसरा उघडणार. अमेरिकेच्या पूर्वेकडं रात्रीचे बारा वाजले की कोडं पडतं, म्हणजे आपल्याकडं सकाळी साडेदहा, आणि मी पतसंस्थेत कॅशला बसतो. समोर म्हातारी पासबुक घेऊन उभी आणि माझ्या डोक्यात सांताक्लॉजची बुटकी माणसं. आधी २५ दिवस चालायचं हे, २०२५ ला १२ कोड्यांवर आणलं तेव्हा हिनं अंबाबाईला ओटी भरली.

पण जुन्या वर्षांची कोडी पण तिथंच पडून असतात की, कधीपण सोडवा! म्हणजे सुटका नाहीच.

२०२१ ची गोष्ट अशी की सांताच्या गाडीच्या किल्ल्या समुद्रात पडल्यात आणि त्या शोधायला तुम्ही पाणबुडीतून चाललाय. सहाव्या दिवशी मासे भेटतात. प्रत्येक माशाच्या अंगावर एक आकडा, रोज एकानं कमी होणार, शून्य झाला की दुसऱ्या दिवशी त्याचा परत ६ होणार आणि शेजारी अंगावर ८ असलेलं नवीन पिल्लू. नमुन्याला पाचच मासे दिलेत. ८० दिवसांनी किती? ५,९३४. मग तोच प्रोग्राम मला दिलेल्या मोठ्या यादीवर पळवला, सुटलं, स्टार आला, मी चहा सांगितला. चहा यायच्या आत दुसरा भाग वाचला, तोच प्रश्न, फक्त २५६ दिवस. मी म्हटलं एवढंच होय, आकडा बदलला, एंटर मारला.

लॅपटॉपचा फॅन असा सुटला की शेजारच्या वहिनी विचारून गेल्या, नवीन मिक्सर घेतला काय. स्क्रीन हलेना, माऊस हलेना. कारण माझा प्रोग्राम एकेक मासा वेगळा लिहून ठेवत होता, आणि नमुन्यातल्या नुसत्या पाच माशांचेच २५६ दिवसांत २६,९८,४४,५७,५३९ मासे होतात. एका माशाला एक बाइट धरला तरी जवळपास २७ जीबी, आणि माझी रॅम आठ जीबी, ती पण हप्त्यावर. भाच्याला फोन लावून म्हटलं तुझं उत्तर दे, त्यानं दिलं पण, तर ते चुकीचं! प्रत्येकाला माशांची वेगळी यादी देतात म्हणे, कॉपी चालत नाही. वर शिक्षा म्हणून एक मिनिट थांबा, मग परत प्रयत्न करा. शाळेत गुरुजींनी पण एवढा अपमान केला नव्हता.

त्यात सासरे मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आलेले, आणि टीव्हीच्या प्लगात माझा चार्जर.

"पाव्हणं, बातम्या कवा लागायच्या?"

"मामा, मासे मोजतोय."

"एकेक?"

"एकेक."

मामांनी गावच्या दूध संस्थेत सेक्रेटरी म्हणून जन्म घालवलाय. डोळ्याला हिरवी पट्टी तशीच ठेवून म्हणाले, "आम्ही काय म्हशींची नावं लिहित बसायचो व्हय? गाभण किती, दुभत्या किती, भाकड किती, आकडं मांडायचं आन् मोकळं व्हायचं. काढा ती वायर."

मी वायर काढली नाही. पण डोक्यात लाईट पेटली, मासे ठेवायचेच कशाला? ० ते ८ असे नऊ खण करायचे, कुठल्या खणात किती मासे एवढंच लिहायचं. रोज सगळे एक खण खाली, शून्यातले उचलून सहात टाकायचे आणि तेवढीच पिल्लं आठात. २५६ वेळा फिरवायचं, संपलं. एंटर मारला तर फॅन सुरू पण झाला नाही, उत्तर हजर! वाटलं खासबागेत जाऊन शड्डू ठोकावा.

मामांना बातम्या लावून दिल्या आणि हळूच सातवा दिवस उघडला. त्यात खेकडे आहेत, प्रत्येक खेकडा आपल्या छोट्या पाणबुडीत बसलाय आणि कमीत कमी इंधनात सगळ्यांना एका रेषेत आणायचंय. मामांना वाचून दाखवलं, म्हटलं सेक्रेटरींचं डोकं परत चालतंय का बघू.

मामांनी टीव्हीवरची नजर काढली नाही.

"खेकडं? एका रेषेत?" म्हणाले. "पाव्हणं, तीस वरसं सहकारात काढली मी. हे गणितच चुकीचं हाय."