मायनरची मुभा आणि वेळापत्रक

‘मेजर-मायनर पद्धतीमुळे आता दोन आवडींपैकी एकीवर पाणी सोडावे लागणार नाही’ हे पदवीच्या विषयनिवडीवरील लेखातील विधान अर्धेच खरे वाटते. मेजर म्हणजे पदवीचा मुख्य विषय आणि मायनर म्हणजे त्याच्या जोडीचा दुय्यम विषय. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने असे दोन विषय घेण्याची मुभा दिली खरी, पण ती महाविद्यालयाच्या वेळापत्रकापाशी येऊन अडते. माझ्या भाचीला मानसशास्त्र मेजर आणि संख्याशास्त्र मायनर हवे होते. माहितीपुस्तिकेत दोन्ही विषय छापलेले होते, मात्र संख्याशास्त्राची प्रात्यक्षिके नेमकी मानसशास्त्राच्या तासांवर येत असल्याने कार्यालयाने तिला समाजशास्त्र घ्यायला सांगितले, तेही शुल्क भरण्याच्या खिडकीपाशी ती रांगेत उभी असताना.

म्हणून दोन विषयांकडे ओढा असलेल्यांनी अर्ज भरण्यापूर्वी विभागात जाऊन मागील सत्राचे वेळापत्रक डोळ्यांखालून घालावे. शिवाय प्रयोगशाळा लागणारा विषय शक्यतो मेजर ठेवावा, कारण तो पुढे घरी बसून भरून काढणे कठीण जाते.