अ, ब आणि दक्षिणेकडचा गडगा

तलाठी भरतीच्या पुस्तकात अ आणि ब नावाचे दोन इसम राहतात. अ एक काम १२ दिवसांत करतो, ब तेच ६ दिवसांत, तर दोघे मिळून किती दिवसांत करतील? पुतणीने हे उदाहरण माझ्यापुढे टाकलं, तेव्हा मी साहजिक विचारलं, "दोघे सख्खे की चुलत?"

"काका, त्याने काय फरक पडतो?"

हे म्हणणारी मुलगी देवगड तालुक्यात तलाठी व्हायला निघाली आहे! एका सातबाऱ्यावर चाळीस नावं, त्यातली निम्मी मुंबईला नि चारपाच वर गेलेली, असा उतारा समोर आला की हिला फरक कळेल.

तिची रीत मात्र झकास. अपूर्णांकांच्या वाटेलाच जात नाही. १२ आणि ६ चा लसावि १२, म्हणून काम १२ चिऱ्यांचं धरायचं. अ रोज १ चिरा लावतो, ब २. मिळून ३. झालं काम ४ दिवसांत. आमच्या वेळी १/१२ अधिक १/६ करताना छेद समान करेपर्यंत मास्तरांची छडी यायची. पण हिलाही घाई आहे. २ तासांत १०० प्रश्न, म्हणजे प्रश्नाला ७२ सेकंद. तेवढ्यात आमच्या गवंड्याची चुन्याची डबीसुद्धा उघडत नाही. तो अर्धा पाया घालून गेला तेव्हा म्हणाला होता, "शिमगो झालो काय येतंय, काळजी करू नकात." कुठला शिमगा, ते विचारायचं राहिलं.

मग मजुरांची उदाहरणं आली. १२ मजूर १८ दिवसांत, तर ९ मजूर किती? १२ गुणिले १८ म्हणजे २१६, भागिले ९, उत्तर २४. पुस्तकात मजूर वाढले की दिवस घटतात. आमच्याकडे मजूर वाढले की आधी चहाचं पातेलं बदलावं लागतं.

हे सगळं मी सोसलं. नळ आणि टाकीने मात्र मला गाठलं. एक नळ टाकी ६ तासांत भरतो, दुसरा भरलेली टाकी ८ तासांत रिकामी करतो, दोन्ही एकदम सोडले तर टाकी कधी भरेल? ऐकताक्षणी मला आमचा दक्षिणेकडचा गडगा, म्हणजे हद्दीवरचं चिऱ्यांचं कुंपण, दिसला. त्याच्या अलीकडे आमचे अण्णा, पलीकडे चुलत घरातले बापू. अण्णा लावतात, बापू काढतात. दोघेही मन लावून.

"गडग्याचंच घे," मी म्हटलं. "अण्णा ६ दिवसांत बांधतात, बापू ८ दिवसांत पाडतात."

"लसावि २४," ती म्हणाली. "२४ चिरे. अण्णाआजोबा रोज ४ लावतात, बापूआजोबा ३ काढतात. रोजचा १ पदरात. २४ दिवस."

"२१."

"काका, १/६ वजा १/८ म्हणजे १/२४. पर्यायात २४ आहे."

"तुझे नळ एकदम वाहतात. बापू दिवसाउजेडी चिरा उचलतील काय? अण्णा दिवसा लावतात, बापू रात्री काढतात. आता मांड."

तिने वहीच्या मागच्या पानावर खरंच मांडलं. पहिल्या रात्रीनंतर १ चिरा उरतो, दुसऱ्या रात्रीनंतर २. विसाव्या रात्रीनंतर २०. एकविसाव्या दिवशी अण्णा ४ लावतात. २४ पुरे.

"आळीपाळीने काम," ती पेन्सिल चावत म्हणाली. "असेही विचारतात. नेहमीसारखी वजाबाकी केली की फसायला होतं. शेवटची पाळी वेगळी मोजायची."

भाऊबंदकीत मुरलेल्या माणसाला हे निराळं शिकवावं लागत नाही, एवढं मी तिला ऐकवून घेतलं.

"पण काका, एकविसाव्या रात्री बापूआजोबा येणारच ना?"

"येणारच. ते काय परीक्षेला बसलेत?"

"म्हणजे त्यानंतरही गडगा पुरा असणार तो रोज फक्त संध्याकाळी, काळोख पडेपर्यंत."

"हो. तेवढ्यात मोजणीवाल्याला कसा आणायचा, ते कुठल्या प्रकरणात दिलंय का बघ."

ती अनुक्रमणिका चाळू लागली.