सावित्रीबाई पत्रावर दिसल्या पाहिजेत

थोर माणसांची टपाल तिकिटं फक्त अल्बमात ठेवण्यासाठी काढायची असतील तर काढूच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

18 एप्रिल 1958. महर्षी कर्वे शंभर वर्षांचे झाले आणि टपाल खात्याने त्यांचं 15 नव्या पैशांचं तिकीट काढलं. स्वतंत्र भारतात हयात भारतीयाच्या वाट्याला आलेला हा पहिलाच मान. 1893 साली अण्णांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला, तेव्हा मुरूड गावाने त्यांना वाळीत टाकलं होतं. त्यांच्याशी संबंध ठेवायचा नाही, असं ठरवणाऱ्या त्याच गावात पासष्ट वर्षांनी पोस्टमनच्या पिशवीतून त्यांचा चेहरा घरोघर गेला असेल! आणि हे होताना बघायला अण्णा इथे पुण्यात होते. पुतळ्याला हे जमत नाही. पुतळ्यापाशी आपण जायचं असतं, तिकीट आपल्या दारात येतं. अर्थात, ते पत्राला लावलं तरच.

जोतीरावांचं तिकीट 1977 मध्ये आलं. सावित्रीबाईंचं यायला 1998 उजाडलं, 10 मार्च, म्हणजे त्यांचा स्मृतिदिन. 1897 च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना गेलेल्या बाईला एकवीस वर्षं मागे का ठेवलं, याचा मला आजही राग येतो. त्याहून जास्त राग याचा की ते दोन रुपयांचं तिकीट आता संग्राहकांकडेच बघायचं. स्मारक तिकिटं एकदा छापतात, संपली की संपली. आपल्या पोस्टात पाकीट दिलं की त्यावर बारकोडचं लेबल चिकटतं, विषय मिटला. ज्यांनी बुधवार पेठेत भिडेवाड्यात मुली शिकवल्या, त्यांचं तिकीट तरी रोजच्या वापराच्या मालिकेत पुन्हा पुन्हा छापायला हवं.

काही जण म्हणतात, चेहऱ्यावर काळा शिक्का बसतो, अवमान होतो. मला हे अजिबात पटत नाही. कोमट पाण्यात भिजवून सोडवलेलं, गावाचं अर्धं नाव आणि पुसट तारीख गालावर उमटलेलं तिकीट मला कोऱ्या तिकिटापेक्षा कितीतरी मोलाचं वाटतं. ते तिकीट कुणाची तरी खबर घेऊन कुठेतरी पोचलेलं असतं.

पुण्यात जीपीओच्या फिलाटेली काउंटरवर नवी तिकिटं मिळतात. दोन जास्त घ्या. एक ठेवा, दुसरं लावून पत्र पाठवा. मुलांना पाठवायला सांगा, आजीला, मामाला, कुणालाही.