डिस्क दिसत नाही म्हणून कंट्रोलर बाद ठरवू नये: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

स्पार्कस्टेशन २ या सन कंपनीच्या जुन्या संगणकाच्या दुरुस्तीवरील माझ्या लेखाबद्दल आपण सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल आभार. आपले म्हणणे असे की, प्रोब-स्कझी ही आज्ञा (स्कझी या बसवर, म्हणजे सामाईक जोडमार्गावर, कोणती उपकरणे आहेत ते शोधणारी) दिल्यावर डिस्क दिसली नाही, तर बोर्डावरची स्कझी कंट्रोलरची, म्हणजे ती बस चालवणारी, चिप गेली असे धरावे आणि बोर्ड बदलावा. कीबोर्ड आणि मॉनिटर हाताशी असताना सिरियल कन्सोल (मशीनचे संदेश केबलने दुसऱ्या टर्मिनलवर पाहण्याची सोय) जोडत बसणे ही निव्वळ जुन्या काळाची हौस आहे, असेही आपण म्हणता. या दोन्ही गोष्टी मला मान्य नाहीत. अशा घाईच्या निदानापायी चांगले बोर्ड भंगारात जातात आणि ते बोर्ड आता कोणी बनवत नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आपणच लिहिले आहे की, त्या आज्ञेला ६ क्रमांकावरचा सीडी-रॉम (बसवरच्या प्रत्येक उपकरणाला ० ते ७ पैकी एक क्रमांक असतो) उत्तर देतो आणि ३ क्रमांकावरची डिस्क देत नाही. ज्या चिपने सीडी-रॉमला ओळख विचारून उत्तर आणले, ती चिप मेलेली नाही. तेव्हा संशय आधी डिस्कवर, तिच्या वीजपुरवठ्यावर, जंपरवर (क्रमांक ठरवणाऱ्या छोट्या टोपणांवर) आणि बसच्या टर्मिनेशनवर (टोकाला सिग्नल परत उलटू नये म्हणून बसवलेल्या रोधांवर) घ्यायला हवा. पीसीतून काढलेली दुसरी डिस्क लावूनही मशीन बूट झाले नाही, हा आपला दुसरा पुरावा. पण त्या डिस्कवर एकही जंपर नव्हता, असेही आपण म्हणता. म्हणजे तिचा क्रमांक ० झाला. या पिढीच्या मशीनचा प्रॉम (मशीन चालू होताच धावणारा, बोर्डावरच्या चिपमधला प्रोग्राम) बूटची डिस्क ३ क्रमांकावर शोधतो, आणि सनओएस ४.१ या त्याच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या जेनेरिक कर्नेलमध्येही (कंपनीने दिलेल्या मूळ गाभ्यात) डिस्कच्या नावांपैकी एसडी० म्हणजे क्रमांक ३ आणि एसडी३ म्हणजे क्रमांक ०, अशी उलटी मांडणी आहे. ती डिस्क प्रोब-स्कझीच्या यादीत ० क्रमांकावर दिसली का, हे पाहण्यासारखे आहे. याउलट एकच डिस्क यादीत सगळ्या क्रमांकांवर दिसू लागली, तर तिचा जंपर ७ वर आहे असे समजावे, कारण ७ हा खुद्द कंट्रोलरचा क्रमांक आहे.

टर्मिनेशनकडे मात्र सर्वात जास्त लक्ष द्यावे. पॅसिव्ह टर्मिनेटरमध्ये प्रत्येक सिग्नल २२० ओहमने टर्मिनेटर पॉवरला आणि ३३० ओहमने ग्राउंडला जोडलेला असतो. ती पॉवर पोचली नाही, तर टर्मिनेटर बसवलेला असूनही नसल्यासारखाच. बोर्डावरचा छोटा फ्यूज उडाला की नेमके हेच घडते. अशा वेळी बस पूर्ण बंद पडतेच असे नाही: ओळख सांगण्यापुरते छोटे उत्तर पोचते, आणि मोठी माहिती वाचताना पॅरिटीच्या (माहिती बरोबर पोचली का हे पाहणाऱ्या जादा बिटाच्या) चुका येऊ लागतात. हे लक्षण हुबेहूब बिघडलेल्या कंट्रोलरसारखे दिसते. मशीन चालू असताना आतल्या रिबन केबलच्या ५० पिनांच्या कनेक्टरची २६ क्रमांकाची पिन, म्हणजे टर्मिनेटर पॉवरची पिन, आणि ग्राउंड यांमध्ये मल्टिमीटर धरावा, ४.२५ ते ५.२५ व्होल्ट दिसले पाहिजेत.

आता सिरियल कन्सोलविषयी. डायग-स्विच ही प्रॉममधली सेटिंग चालू असेल तर मशीन सुरुवातीची सविस्तर चाचणी करते आणि त्या चाचणीचे संदेश सिरियल पोर्ट ए वर पाठवते. त्या काळात मॉनिटर कोराच राहतो. शिवाय तो स्विच चालू असताना मशीन डिस्क सोडून डायग-डिव्हाइसवरून, म्हणजे बहुधा नेटवर्कवरून, बूट व्हायला जाते. मॉनिटरसमोर बसलेल्याला डिस्क वाचली जात नाही एवढेच कळते. वास्तविक ती वाचण्याचा प्रयत्नच झालेला नसतो. एम४८टी०२ या एन-व्ही-रॅम (वीज गेली तरी सेटिंगा जपणाऱ्या) चिपमधली बॅटरी संपली की अशा साऱ्या सेटिंगांचा भरवसा उरतो असे नाही, म्हणून त्या चिपची तपासणी मी लेखात आधी सांगितली होती. कीबोर्ड काढून मशीन चालू केले की कन्सोल आपोआप पोर्ट ए वर येतो. ९६०० बॉड, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट आणि नल मोडेम केबल (पाठवण्याची आणि घेण्याची तार अदलाबदल केलेली), एवढे पुरते.

यात एक खबरदारी जरूर घ्यावी. टर्मिनल बंद केले किंवा केबल ओढली, तर लाइनवर ब्रेक (मशीनला थांबवणारा संकेत) जाऊ शकतो आणि चालते मशीन जागीच थांबून ओके प्रॉम्प्टवर, म्हणजे प्रॉमच्या आज्ञा घेणाऱ्या ओळीवर, येते. डिस्कवर काम सुरू असताना असे झाले की, कंट्रोलर अडकला असे वाटते. तेव्हा गो एवढेच टाइप करावे. मशीन थांबले होते तिथून पुढे चालू लागते.

जुन्या डिस्कऐवजी मेमरी कार्डावर चालणारा एम्युलेटर लावावा, ही आपली सूचना मला पटते. जुन्या डिस्कच्या मोटारी आता फार काळ साथ देणार नाहीत. पण एम्युलेटर त्याच बसवर बसतो आणि त्यालाही तेच टर्मिनेशन लागते, म्हणून वरची मोजणी टळत नाही.

२६ क्रमांकाच्या पिनवरचा आकडा आणि पोर्ट ए वर उमटलेले संदेश कृपया जसेच्या तसे कळवावेत. चिपमध्येच दोष आहे असे त्यातून दिसले, तर बोर्ड बदलण्याच्या आपल्या मताला माझाही पाठिंबा राहील. तोपर्यंत तो बोर्ड कृपया काढू नये.